पिझ्झा महाग नाही, त्याचे बिल महाग आहे

देशात पिझ्झाच्या मोठ्या परदेशी साखळ्या १९९६ मध्ये दिल्ली आणि बंगळुरूत आल्या, तेव्हा हिंगोली हा स्वतंत्र जिल्हासुद्धा नव्हता. १ मे १९९९ रोजी परभणीतून तो वेगळा झाला. आज वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्यातल्या मुलाला पिझ्झा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. वाढदिवस असो, परीक्षेचा निकाल असो की परगावी शिकणारा दादा सुट्टीत घरी आलेला असो, हट्ट पिझ्झाचाच होतो. हट्ट मुलांचा असला तरी हिशेब आई-वडिलांना जुळवावा लागतो. या हिशेबाचे दोन ठरलेले मार्ग घराघरांत दिसतात. एक म्हणजे ‘असली थेरं आपल्याला परवडत नाहीत’ म्हणून विषय संपवायचा. दुसरा म्हणजे एकावर एक मोफतची जाहिरात येईपर्यंत थांबायचे आणि ती आली की गरजेपेक्षा जास्त मागवायचे. या दोन्हींत खरी बचत नाही, कारण आपण पैसे नेमके कशाचे मोजतो हा प्रश्न त्यात कुणी विचारतच नाही. पिझ्झातले पीठ स्वस्त आहे, भाजी स्वस्त आहे, चीज थोडे महाग आहे. बिल फुगते ते भट्टी, जागा, खोका आणि पोहोच यांमुळे. ज्या गोष्टी घरात होऊ शकतात त्यांचे पैसे बाहेर देऊ नयेत, आणि जी एकच गोष्ट घरात नसते, म्हणजे भट्टी, ती गावातच वाटून वापरावी, असे माझे म्हणणे आहे.

हा विषय क्षुल्लक वाटू शकतो, म्हणून आधी आकडे पाहू. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये होता. त्यात खाण्यापिण्यातला सर्वांत मोठा वाटा धान्याचा नव्हता, दुधाचाही नव्हता. तो चहा-शीतपेये, फराळ आणि तयार खाद्यपदार्थ या गटाचा होता, एकूण खर्चाच्या सुमारे ९.८ टक्के. म्हणजे माणशी महिन्याला चारशे रुपयांच्या आसपास, आणि पाच माणसांच्या घरात दोन हजार. घरातल्या बिस्किटापासून बाहेरच्या वड्यापर्यंत सगळे या दोन हजारांत आले. आता एका संध्याकाळी पिझ्झाचे बिल सहाशे रुपये झाले असे धरू. महिन्याच्या या सगळ्या खर्चातला जवळपास तिसरा हिस्सा एका जेवणात संपला. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या हिशेबाने सहाशे रुपये म्हणजे उन्हातले जवळपास दोन दिवस. आपल्या जिल्ह्याचे मुख्य पीक सोयाबीन. २०२५-२६ साठी त्याचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. हमीभाव पुरता हाती पडला असे मानले तरी सहाशे रुपयांसाठी अकरा किलोंहून अधिक सोयाबीन विकावे लागते. ज्या जिल्ह्यात बहुतेक घरांचे पैसे शेतातून येतात, तिथे पिझ्झाचे बिल याच मापाने मोजायला हवे. पिझ्झा खाणाऱ्याला अपराधी वाटावे असा यामागे हेतू नाही. कष्टाचा पैसा कुठे जातो हे डोळे उघडे ठेवून पाहता यावे, एवढ्यासाठी हे माप.

आता तोच पिझ्झा सुटा करून पाहू. चार-पाच माणसांच्या घरासाठी नऊ इंची तीन पिझ्झे करायचे तर पीठ लागते सुमारे ४०० ग्रॅम. निम्मा मैदा आणि निम्मी चक्कीवरची कणीक घेतली तर वीस रुपयांच्या आत भागते. यीस्ट आणि तेलाचे मिळून दहा रुपये धरा. अर्धा किलो टोमॅटो, दोन ढोबळ्या मिरच्या, दोन कांदे आणि थोडा लसूण आठवडी बाजारातून आणले तर मोसमाप्रमाणे चाळीस-पन्नास रुपये होतात. मोझरेला चीज २०० ग्रॅम लागते, त्याचे साधारण सव्वाशे रुपये. गॅस धरून सगळे मिळून दोनशे-सव्वादोनशेच्या घरात बसते. भाव गावागणिक थोडे खालीवर होतील, पण प्रमाण फारसे बदलत नाही. या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा एकट्या चीजचा आहे आणि पिठाचा वाटा दहा टक्क्यांचाही नाही. म्हणून पिठात काटकसर करण्यात काही अर्थ नाही. पातळ आणि जाड बेसच्या पिठातला फरक चार-पाच रुपयांचा, आणि तयार बेसचे पाकीट आणणे म्हणजे वीस रुपयांच्या वस्तूला तिप्पट-चौपट पैसे देणे. हिशेब चीजचा करायचा. नऊ इंची पिझ्झाला साठ-सत्तर ग्रॅम चीज पुरते. ते किसून सगळीकडे सारखे पसरले आणि सोबत घरच्या पनीरचे तुकडे टाकले, तर कुणालाही कमी वाटत नाही. एक लिटर म्हशीच्या दुधातून जवळपास २०० ग्रॅम पनीर निघते, आणि ज्या घरी दुभते जनावर आहे तिथे त्याला रोख पैसाही लागत नाही.

चीजच्या बाबतीत एक सावधगिरी हवी, कारण बचतीच्या नावाखाली फसगत इथेच होते. एक किलो चीजसाठी गायीचे साधारण दहा लिटर दूध लागते. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे ३० रुपये दर आणि वर पाच रुपये अनुदान ठरवले होते. त्यातले ३० रुपयेच धरले तरी एक किलो चीजमागे तीनशे रुपयांचे दूध झाले. त्यावर कारखाना, शीतगृह, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा. म्हणून कुणी अतिशय स्वस्तात ‘चीज’ देत असेल, तर त्यात दुधाऐवजी वनस्पती तेल किती आहे हे विचारलेच पाहिजे. दुधातली स्निग्धता काढून तिच्या जागी वनस्पती तेल घातलेल्या पदार्थाला आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार चीज म्हणता येत नाही. तो ‘अ‍ॅनालॉग’, म्हणजे चीजसारखा दिसणारा वेगळा पदार्थ. तो विकायला बंदी नाही, पण त्याला चीज म्हणून विकायला आहे. असा पदार्थ वापरलेल्या पिझ्झाची किंमत कमी असणे स्वाभाविक आहे, आणि जाणून-बुजून तो घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. मात्र चीजचे पैसे देऊन तेल घरी आणणे ही बचत नव्हे. पाकीट उलटे करून घटकांची यादी वाचायला अर्धे मिनिट लागते. दुकानात बसून खाताना ‘चीज कोणते वापरता?’ असे सरळ विचारावे. दूध उत्पादकांच्या जिल्ह्यांत हा प्रश्न विचारणे म्हणजे आपल्याच गोठ्याची बाजू घेणे आहे.

बाहेरच खायचे ठरले तरी हिशेब सुटत नाही, आणि तो शाळेत शिकलेल्या गणितानेच होतो. पिझ्झाचा आकार इंचांत सांगतात, पण आपण खातो क्षेत्रफळ. सात इंची पिझ्झाचे क्षेत्रफळ साधारण साडेअडतीस चौरस इंच, दहा इंचीचे साडेअठ्ठ्याहत्तर आणि बारा इंचीचे ११३. म्हणजे सातवरून दहा इंचांवर गेले की पिझ्झा दुप्पट होतो, आणि बारा इंची पिझ्झा सात इंचीच्या जवळपास तिप्पट भरतो. शिवाय कडेची अर्धा इंच पट्टी कोरडीच असते. ती वजा केली तर सात इंची पिझ्झाचा सुमारे पाऊण भागच चीज-भाजीचा उरतो, बारा इंचीचा मात्र ८४ टक्के. त्यामुळे चार जणांनी चार लहान पिझ्झे मागवण्याऐवजी दोन मध्यम मागवले तर खाणे तेवढेच मिळते आणि माल थोडा जास्तच. मध्यम पिझ्झाची किंमत लहानाच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तर तेवढे पैसे सरळ वाचतात. एकावर एक मोफतच्या योजनेलाही हीच पट्टी लावावी. दोन्ही पिझ्झांचे चौरस इंच मोजावे, बिलाचा एकूण आकडा त्याने भागावा आणि नेहमीच्या दराशी ताडून पाहावे. त्यात फायदा दिसला तरी एक प्रश्न उरतोच. हा दुसरा पिझ्झा आपल्याला हवा होता का? नको असलेली वस्तू निम्म्या किमतीत मिळाली तरी खर्च वाढतोच. हे गणित वडिलांनी एकट्याने न करता हट्ट करणाऱ्या मुलाकडून करून घ्यावे. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्याला पुस्तकापेक्षा इथे लवकर कळेल, आणि नकार ऐकण्याऐवजी तो निर्णयात सहभागी होईल.

बिल वाचणे हा बचतीचा आणखी एक भाग. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू आणि सेवा कराचे दर बदलले. पिझ्झा ब्रेडवरचा पाच टक्के कर शून्य झाला, पाकीटबंद पनीरवरचाही गेला, चीज, लोणी, सॉस यांवरचा बारा टक्क्यांवरून पाचवर आला. साध्या रेस्टॉरंटमधल्या खाण्यावरचा पाच टक्के कर मात्र तसाच राहिला. म्हणजे करकपातीचा थेट लाभ घरी करणाऱ्याच्या पदरात पडला, बाहेर खाणाऱ्यापर्यंत तो पोहोचेलच असे नाही. छोटी हॉटेले अनेकदा कंपोझिशन योजनेत असतात. त्यांनी कर आपल्या उलाढालीतून भरायचा असतो, तो ग्राहकाच्या बिलात वेगळा लावता येत नाही. तेव्हा बिलावर जीएसटी लावला असेल तर नोंदणी क्रमांक आणि हॉटेल कोणत्या योजनेत आहे हे पाहणे रास्त आहे. सेवा शुल्काचेही तसेच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले की ते सक्तीने घेता येणार नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ही भूमिका उचलून धरली. घरपोच मागवताना पॅकिंग, पोहोच आणि अ‍ॅपचे शुल्क असे तीन आकडे वेगवेगळ्या ओळींत येतात, आणि अ‍ॅपच्या माध्यमातून घेतलेल्या पोहोच शुल्कावर आता अठरा टक्के कर आहे. तालुक्याच्या गावात दुकान पायी दहा मिनिटांवर असते. स्वतः जाऊन आणले तर एवढ्यातच बराच फरक पडतो.

पण खरा फरक घरच्या पिझ्झात आहे, आणि तो करायला महागडा ओव्हन लागतो हा समज आधी दूर व्हायला हवा. ज्या घरात धपाटे आणि भाकरी होते, तिथे लागणारे बहुतेक कौशल्य आधीच हजर आहे. कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट घालून फेस आला की त्यात पीठ, मीठ, तेल मिसळून पोळीच्या कणकेपेक्षा सैल मळायचे आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते तासाभरात दुप्पट फुगते, थंडीत दोन-तीन तास घेते. बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू भरून आला की पीठ तयार. टोमॅटो किसून लसूण-तेलात आटवला की सॉस झाला. मग बिडाच्या किंवा जाड तव्यावर थापलेली चकती एका बाजूने डाग पडेपर्यंत भाजायची आणि उलटायची. भाजलेल्या बाजूवर सॉस, भाजी, चीज घालून जड झाकण ठेवायचे आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटे राहू द्यायचे. चीज वितळते आणि खालून कुरकुरीतपणा येतो. ज्वारीचे पीठ घालायची इच्छा असेल तर चौथ्या हिश्श्यापर्यंत घालावे. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने त्याहून जास्त घातले की चकती ताणत नाही, भाकरीसारखी तडकते. टोमॅटो मातीमोल भावाने जातो त्या दिवसांत सॉस आटवून ठेवला, तर महागाईच्या महिन्यांतही हा खर्च वाढत नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली होती हे विसरण्यासारखे नाही.

यावर पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो बहुतेक वेळा पुरुष घेत नाहीत. घरचा पिझ्झा दोनशे रुपयांत पडतो, कारण त्यात बाईच्या श्रमाची किंमत धरलेली नाही. हे खरे आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे विनामोबदला घरकामात घालवतात असे दिसले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा आकडा ८८ मिनिटे आहे. शेतावरून दमून आलेल्या बाईला संध्याकाळी आणखी एक पदार्थ वाढवून देणे आणि त्याला बचत म्हणणे हा अन्याय आहे. असे होणार असेल तर बाहेरून पिझ्झा आणणे अधिक न्यायाचे, कितीही महाग पडला तरी. पण हा आक्षेप आपल्या घरातल्या कामाच्या वाटणीवरचा आहे, पिझ्झावरचा नाही. उलट हा पदार्थ कामे वाटून घ्यायला फार सोयीचा आहे. पीठ मळायला ताकद लागते, ते वडिलांनी मळावे. टोमॅटो आणि चीज किसणे, भाजी चिरणे, चकतीवर मांडणे हे दहा वर्षांचे मूलसुद्धा करते. भाकरी थापायला वर्षांचा सराव लागतो, पिझ्झाची चकती वाकडी झाली तरी चालते. बाहेरच्या आणि घरच्या पिझ्झातला तीन-चारशे रुपयांचा फरक हा सगळ्यांच्या दोन तासांचा मोबदला आहे. ते दोन तास एकाच माणसाच्या माथी मारले तर तो फरक कमावलेला नसतो, तिच्याकडून काढून घेतलेला असतो.

दुसरा आक्षेप असा की माणसे बाहेर जातात ती पोट भरायला नव्हे. थंड हवा, स्वच्छ टेबल, कुणीतरी वाढणे, चार माणसांत बसणे, याचेही मोल आहे. मला हे पूर्ण मान्य आहे. वर्षभर शेत आणि घर यांच्या बाहेर न पडणाऱ्या कुटुंबासाठी हिंगोलीला किंवा नांदेडला जाऊन एकत्र बसणे ही खरी गरज असते. म्हणूनच बाहेरचा आणि घरचा पिझ्झा या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात. वाढदिवसाला बाहेर जायचे तर जागेचे पैसे देतो आहोत हे जाणून आनंदाने द्यावेत, मोठ्या आकाराचे मागवावे आणि समाधानाने उठावे. पण शनिवारी संध्याकाळी मुलांना फक्त पिझ्झा हवा असतो, तेव्हा खोक्याचे, पोहोचेचे आणि कुणाच्या तरी दिव्यांच्या पाटीचे पैसे देण्यात कुणालाच आनंद मिळत नाही. अशी फारकत एकदा केली की बाहेर जाणे क्वचित होते आणि त्याची गोडीही टिकते. आरोग्याच्या बाजूनेही हे बरे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. चीज, सॉस आणि पीठ या तिन्हींत मीठ असल्यामुळे तयार पिझ्झात ही मर्यादा पटकन गाठली जाते. घरी मिठाचा डबा आपल्या हातात असतो.

तिसरा आक्षेप संस्कृतीचा असतो. पिझ्झाच कशाला, आपल्याकडे थालीपीठ आहे, धपाटे आहेत. ते आहेत आणि राहावेत. पण आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास पाहिला तर बाहेरचे पदार्थ नाकारण्यापेक्षा त्यांना आपल्या तव्यावर आणण्याची आपली रीत जुनी आहे. मिरची, टोमॅटो, बटाटा हे अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत आणि नंतर इंग्रजांच्या काळात आपल्याकडे रुजले. पाव पोर्तुगीजांनी आणला आणि त्याची मिसळ-पाव, वडा-पाव अशी मराठी रूपे झाली. खमिराची भट्टीतली रोटी तर मराठवाड्याला परकी नाहीच. छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया ही इथलीच ओळख आहे. आणि मूळचा पिझ्झा कुठे श्रीमंतांचा होता? तो इटलीतल्या नेपल्स शहराच्या कष्टकरी वस्तीत वाढला. पीठ, पाणी, मीठ, खमीर आणि वर हाताशी असेल ते. त्याच नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. गरिबाच्या पोटासाठी जन्मलेला पदार्थ आपल्याकडे येताना श्रीमंतीची खूण होऊन आला. तो आपल्या तव्यावर उतरवला तर संस्कृती बुडत नाही, त्या पदार्थाला त्याची मूळ जागा परत मिळते.

चौथा आक्षेप गावातल्या दुकानदारांचा असेल. सगळे घरीच करू लागले तर आमचे काय? तालुक्याच्या गावात भाड्याच्या गाळ्यात, कर्जाने घेतलेल्या ओव्हनवर धंदा करणाऱ्या तरुणाची ही चिंता खरी आहे, आणि त्याच्या पोटावर पाय देऊन कुणी बचत करावी असे मी म्हणणार नाही. पण ग्राहकाकडे नाही ते विकले तर त्याचा धंदा टिकेल. ग्राहकाकडे पीठ आहे, भाजी आहे, दूध आहे. नाही ती भट्टी आणि नेहमी मिळत नाही तो वेळ. मग फुगवलेल्या पिठाचे गोळे विकावेत, त्याच दिवशी भाजलेले बेस विकावेत, दुधाचेच चीज वापरतो अशी पाटी लावून त्याचे योग्य पैसे घ्यावेत. महिला बचत गटांनाही इथे वाव आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने २०२० मध्ये आणलेल्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. हळदीसाठी हिंगोली जिल्ह्याचे नाव झाले आहे आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही आहे. पण हळद वर्षातून एकदा निघते, बेस आणि सॉस बारा महिने विकता येतो. टोमॅटो ओतून द्यायची वेळ येते त्या दिवसांत सॉस करणारा एक गट असला, तरी शेतकरी आणि ग्राहक दोघांचे पैसे जिल्ह्यातच राहतील.

आणि भट्टीसाठी नवे काही शोधायची गरज नाही. दिवाळीच्या आधी रवा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचे, किलोमागे ठरलेली भाजणावळ द्यायची आणि नानकटाईचे डबे भरून घरी आणायचे, ही रीत मराठी गावांनी पिढ्यानपिढ्या पाळली आहे. माल आपला, भट्टी बेकरीवाल्याची. घरचे साहित्य असल्याने भेसळीची भीती नाही, बेकरीवाल्याला तापलेल्या भट्टीचे जादा पैसे, आणि गिऱ्हाइकाला विकतच्या निम्म्या खर्चात बिस्किटे. मग नानकटाईला जे जमते ते पिझ्झाला का जमू नये? पहाटेचे पाव निघाल्यावर बेकरीची भट्टी कितीतरी वेळ तापलेली असते. आठवड्यातून एक संध्याकाळ बेकरीवाल्याने ठरवावी, नगामागे भाजणावळ सांगावी आणि घराघरांतून थापून, मांडून आणलेले पिझ्झे भाजून द्यावेत. तवा नसलेला विद्यार्थी, ओव्हन घेऊ न शकणारे शिक्षक, वाढदिवसाला वीस मुले बोलावलेले घर, सगळ्यांची सोय होईल. बेकरीच्या दारात ताटे घेऊन शेजारी भेटतील, आणि बाहेर जाण्यात जी माणसांची सोबत शोधतो तीही मिळेल.

कुटुंबाची बचत म्हणजे मुलाच्या तोंडचा घास काढणे असा अर्थ आपल्याकडे नकळत रुजला आहे. तो बदलायला पिझ्झा चांगले निमित्त आहे. इथे घास तसाच राहतो, उलट त्यात दूध जास्त आणि तेल कमी जाते. कमी होतात ते खोक्याचे, पोहोचेचे आणि न विचारलेल्या प्रश्नांचे पैसे. पुढच्या वेळी मुलाने पिझ्झा मागितला की नाही म्हणू नका आणि लगेच फोनही उचलू नका. त्याच्या हातात कागद-पेन्सिल द्या, चौरस इंच मोजायला सांगा, टोमॅटो किसायला बसवा, आणि दिवाळीत जिथून नानकटाई भाजून आणता त्या बेकरीवाल्याला एकदा विचारून बघा, ‘भाऊ, पिझ्झा भाजून द्याल का?’